धोट्याचं उष्टं

दादा कामावरून आला की त्याच्या ओठांकडे पाहायचं आणि आज मागावर कोणत्या रंगाची चादर आहे ते ओळखायचं, हा आमच्या घरातला रोजचा खेळ होता. ओठ लाल तर चादर लाल, हिरवे तर हिरवी. जांभळ्या दिवशी वहिनी म्हणायची, "आज काय जांभळं खाऊन आलासा व्हय?" आणि दादा हा विनोद पहिल्यांदाच ऐकतोय असा हसायचा. माझा हा थोरला भाऊ कुठल्याही गोष्टीला हसत असे. वहिनीला ते आवडायचं, मला त्याचा राग यायचा, कारण मी काही गंभीर सांगायला लागले तरी तो हसायचा.

ओठ रंगायचे ते धोट्यामुळे. धोटा म्हणजे मागावर या टोकापासून त्या टोकापर्यंत खटाखट पळणारी लाकडी होडी. तिच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी बसवायची आणि तिच्या सुताचं टोक धोट्याच्या अंगातल्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. तिथं सुई शोधत बसायला वेळ कोणाला? धोटा तोंडाशी धरायचा, भोकावर ओठ टेकायचे आणि श्वास आत ओढायचा. सूत सुर्रकन जिभेवर येतं, थोडा रंग आणि थोडा भुगा घेऊन. आमच्या सोलापुरात त्या काळी सगळे असंच करायचे, आणि यात सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटत नव्हतं.

दादाची पाळी सकाळची. त्याची पाळी सुटली की तोच माग आणि तेच धोटे दुपारच्या पाळीच्या जोडीदाराकडे जायचे. जोडीदार घरी तेलुगू बोलणारा, अंगानं काडी, कामाला वाघ. त्याच्या घरात आणि आमच्या घरात कोणाच्या हातचं पाणी चालतं नि कोणाचं चालत नाही याचे नियम काही कमी नव्हते. माठातल्या ओगराळ्याला कोणी तोंड लावलं तर माठ रिकामा व्हायचा. पण धोटा एक जण चोखून ठेवायचा आणि दुसरा उचलून चोखायचा. धोट्याला उष्टं लागत नाही, असं सगळ्या कारखान्यानं कधीतरी एकमतानं ठरवून टाकलं होतं.

मी घरातली शिकलेली. आईवडील मोहोळजवळच्या गावी शेती बघायचे, आणि मला दादानं शिकायला शहरात आपल्याकडे आणलं होतं. बी.एस्सी. करून, वर तपासणीच्या कामाचं शिक्षण घेऊन, मी मोठ्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागले. सर्जन लोक माणसाच्या अंगातून जे काढून पाठवायचे, ते तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते रंगवायचे आणि काचेवर लावून डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे माझं काम. वहिनी शेजारणींना सांगताना याला "आमच्या वन्संचं किसणीचं काम" म्हणायची. मी चिडायचे. मनातून मात्र मला त्या कामाचा फार गर्व होता, आणि गर्व झाला की माझं तोंड आपोआप उघडतं.

आमच्या विभागात एक तरुण डॉक्टर होते. नवीन काही वाचलं की ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना चहा जात नसे, आणि ऐकायला मी हाताशीच. एके दिवशी ते म्हणाले की आफ्रिकेत लहान मुलांना जबड्याजवळ मोठी गाठ येते, तो लसिका ग्रंथींचा म्हणजे लिम्फोमा नावाचा कॅन्सर असतो, आणि त्या गाठीच्या पेशींत एक विषाणू सापडलाय. हा विषाणू थुंकीतून पसरतो. एकदा अंगात शिरला की जन्मभर जात नाही.

यापुढेही ते बरंच बोलले. पण नेमकं तेव्हाच मला यंत्राचं पातं बदलायचं होतं, म्हणून पुढचं मी अर्ध्या कानानं ऐकलं. माझ्या आयुष्यातली ही एक मोठी चूक. पातं दहा मिनिटांनी बदललं असतं तरी चाललं असतं.

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते, म्हणून काही आठवडे दादाचा डबा मी पोचवायचे. दुपारी माग थांबले की कारखान्याच्या मागच्या अंगणात सगळे भाकरीचं फडकं सोडून बसत. त्या दिवशी समोर जोडीदार पाळीच्या आधीच येऊन बसला होता, जॉबर चाचाही होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, कारखान्यातला सगळ्यात मानाचा माणूस. आमचे चाचा पानाशिवाय बोलत नसत आणि पान तोंडात असलं की समजत नसत. एवढे श्रोते आणि पोटात ताजी बातमी. मी सुरू झाले. आफ्रिका, जबडा, गाठ, विषाणू, थुंकी, सगळं सांगितलं.

चाचांनी पान एका गालात सारलं. "मतलब, एक का थूक दुसरे के मुँह में गया तो गाँठ आती? फिर हमारा धोटा?"

सगळे हसले. दादा तर ठसका लागेपर्यंत हसला. मला ते हसणं झोंबलं. एवढं शिकून सांगतेय आणि ही माणसं खिदळतायत! मी मान ताठ करून म्हणाले, "हसू नका. धोट्यातूनही येऊ शकते."

"व्हय, आणि चादर पांघरली की?" दादा म्हणाला. पुन्हा हशा. चादर पांघरण्याचा विनोद त्या अंगणात पुढे आठवडाभर चालला म्हणे.

उन्हाळा सुरू झाला तेव्हा दादाच्या मानेवर, कानाच्या खाली, सुपारीएवढी गाठ दिसायला लागली. दुखत नव्हती. वहिनीनं दोन-तीन प्रकारचे लेप लावून पाहिले. पेठेतल्या डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि गंडमाळ सांगितली, म्हणजे गाठींचा क्षय. सुताच्या भुग्यात जन्म काढणाऱ्या माणसाला क्षय होणं आमच्याकडे इतकं ओळखीचं होतं की कोणी फार घाबरलंसुद्धा नाही. इंजेक्शनं सुरू झाली. दादा एका कुल्ल्यावर बसून भाकरी खायला शिकला आणि ते सगळ्यांना करून दाखवायचा. गाठ मात्र सुपारीची लिंबाएवढी झाली, तिच्या शेजारी आणखी दोन आल्या. संध्याकाळी ताप, झोपेत घाम, अंगाला खाज. शेवटी मी त्याला आमच्या विभागातल्या त्याच तरुण डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं. वहिनीही आली, सात महिन्यांचं पोट घेऊन.

डॉक्टरांनी गाठी चाचपल्या. काख पाहिली, पोट दाबलं. मग अगदी सहज विचारलं, "दारू घेतल्यावर गाठ दुखते का?"

वहिनीनं मान वळवून दादाकडे पाहिलं. माझा दादा दारू पीत नव्हता. निदान वहिनीच्या आणि माझ्या माहितीप्रमाणे पीत नव्हता. लग्नाच्या वेळी सासऱ्याच्या पायाला हात लावून त्यानं तसं सांगितलेलं होतं.

"दारू?" दादा म्हणाला. "छे, छे. मी न्हाय की घेत."

"घेत नसाल तर प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहायला लागले.

आम्ही तिघं जिन्यापर्यंत आलो. तिथं दादाला टोपी विसरल्याची आठवण झाली. टोपी त्याच्या डोक्यावर होती. तो परत गेला आणि दारातूनच कुजबुजल्यासारखं, पण मागांच्या खडखडाटात बोलायची सवय असल्यामुळे अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "सर, लई दुखतीया. दोन घोट पोटात गेलं की ठणका मारतुया बघा. म्हणून तर सोडली."

वहिनी माझ्याकडे बघेना. मी वहिनीकडे बघेना. डॉक्टरांनी त्याच दिवशी सर्जनला चिठ्ठी दिली आणि एक गाठ काढून तपासायचं ठरलं. फार थोड्या आजारांत दारूनं गाठ दुखते, आणि क्षय त्यातला नाही, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. वहिनीनं चार दिवस दादाशी अबोला धरला. त्याला जेवायला वाढायची, पण ताट जरा आपटून.

गाठ आली ती माझ्याच टेबलावर. बाटलीवर नंबर होता, नाव नव्हतं, पण मला तो नंबर पाठ होता. दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही असं मी ठरवलं. मेण नीट बसलं. कापसुद्धा नेहमीपेक्षा चांगले निघाले. काच डॉक्टरांपुढे ठेवली आणि मी उगाच बाटल्या पुसत उभी राहिले. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग खुर्ची सरकवून मला म्हणाले, "बघ." पेशींच्या गर्दीत अधूनमधून एखादी मोठी पेशी, आत जोडीनं दोन केंद्रं, घुबडानं डोळे वटारून पाहावं तशी. अशा काचा मी आधीही रंगवल्या होत्या. ती पेशी ओळखायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

लिम्फोमा. मी तिथंच स्टुलावर बसले आणि रडले. डॉक्टरांनी मला रडू दिलं, मग म्हणाले की गाठी मानेपुरत्याच असतील तर आता यावर चांगला इलाज आहे, बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचा शेक घेता येईल, पुष्कळ लोक यातून उठतात. "पुष्कळ" म्हणजे किती, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. संध्याकाळी घरी सांगितलं. त्या क्षणापासून वहिनीला दारूचा साफ विसर पडला.

आणि आता माझ्या जिभेचं फळ. छातीचा फोटो निघायच्या आतच बातमी कारखान्यात पोचली: गाठीचा कॅन्सर. कोणाला तरी अंगणातला तो दिवस आठवला. थुंकीनं येतो म्हणून तिनंच सांगितलं होतं की, आणि ती तर दवाखान्यातली!

पुढच्या आठ दिवसांत त्या कारखान्यात जे झालं ते आज सांगताना मला हसू येतं. तेव्हा अजिबात येत नव्हतं. एकानं आपले धोटे फिनेलनं धुतले आणि पहिल्याच कांडीला ओकून पडला. दुसऱ्यानं घरी नेऊन पातेल्यात उकळले. लाकूड फुगलं, धोटा मागात अडकला आणि ताण्याचे, म्हणजे उभ्या सुताचे, शेकडो धागे तुटले. मग प्रत्येकानं आपल्या धोट्यावर रंगाचे पट्टे ओढले आणि पाळी संपली की ते रुमालात गुंडाळून कमरेला लावून घरी न्यायला सुरुवात केली. शेवटी चाचांनी छत्रीच्या तारेचे बारीक आकडे वाकवून सगळ्यांना वाटले. आकडा भोकात घालायचा आणि सूत ओढून काढायचं. सुरुवातीला एका कांडीला इतका वेळ लागायचा की लोक आकड्याला, विषाणूला आणि मला एकाच दमात शिव्या द्यायचे.

जोडीदार एके सकाळी आमच्या दाराशी आला. एरवी सरळ आत येऊन बसणारा माणूस उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दादा आत झोपला होता.

"अक्का," तो हळू आवाजात मला म्हणाला, "मी त्याचा धोटा किती वर्षं चोखलो. मला पण येतंय काय ते सांगा. घरात तीन लेकरं हायती."

"नाही हो. तसं नसतं ते."

"तुम्हीच बोललात की तेव्हा. धोट्यातून येतंय म्हणून."

"तेव्हा मी चुकीचं बोलले."

"तेव्हा परक्याचं होतं, तेव्हा येत होतं. आता भावाचं झालं, तर येत न्हाई." तो रागानं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. तो खरोखर माझ्याकडून काहीतरी पक्कं मागत होता, आणि माझ्याकडे पक्कं काहीच नव्हतं. जाताना त्यानं मान चाचपली. गेले आठ दिवस तो रोज चाचपत असणार.

मालकानं निरोप धाडला की बरा होऊन ये, घाई नाही. चांगला निरोप होता, पण त्याच संध्याकाळी दादाच्या मागावर दुसरा माणूस उभा राहिला. हे कळलं तेव्हा मात्र, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, दादा हसला नाही. "जगतुया का मरतुया ते डॉक्टर बघतील," तो म्हणाला. "पर बरा होऊन आलो आणि धोट्याला कुणी हात लावू दिला न्हाय, तर मी कुटं जाऊ? मला दुसरं काय येतंय?" वहिनी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "आणि पुढचं? पुढचं काही सांगितलं नाहीस?"

"पुढचं मी ऐकलं नव्हतं सर. पातं बदलत होते."

भला माणूस. शनिवारी दुपारी स्कूटर काढून माझ्याबरोबर कारखान्यात आला. अंगणात सगळे जमले. दादाही मानेला उपरणं गुंडाळून एका कडेला बसला. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी राहिली होती.

डॉक्टरांनी आधी विचारलं, "लहानपणी आईनं घास चावून तुमच्या तोंडात घातला नाही, असा कोणी आहे इथं?"

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीच हात वर करेना.

"मग तो विषाणू तुमच्या अंगात आहे असं धरून चाला. माझ्याही आहे. तुमच्या आईच्या होता, तिच्या आईच्याही. धोटा हातात यायच्या कितीतरी आधी तो आलेला असतो. पांढऱ्या पेशींत बिऱ्हाड करून जन्मभर राहतो, आणि बहुतेकांना त्याचा पत्तासुद्धा लागत नाही."

"फिर गाँठ सबको कैकू नहीं आती?" चाचांनी विचारलं.

"कारण नुसता विषाणू असून गाठ होत नाही. तो पेशीला अधूनमधून डिवचत राहतो, वाढ म्हणतो. आफ्रिकेत त्या मुलांना जोडीला सारखा मलेरिया असतो, त्यानं शरीराचा पहारा ढिला पडतो. पेशी वाढत राहिल्या की कधीतरी एखादीची नक्कल चुकते. मग त्या चुकीचीच वाढ होत जाते."

"म्हंजी जेकार्डाचं पुठ्ठं," दादा कडेला बसल्या जागेवरून म्हणाला. चादरीवरची नक्षी भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून उठते. "एक भोक चुकलं की म्होरली हरेक चादर तशीच निघती. आणि पुठ्ठं काय शेजारच्या मागावर उडी मारत न्हाय."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "याहून चांगलं मला सांगता येणार नाही," ते म्हणाले. "चुकलेली पेशी एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जात नाही. याची गाठ कोणाला लागायची नाही." आणि मग प्रामाणिकपणे असंही म्हणाले की दादाच्या गाठीमागे तोच विषाणू आहे की दुसरं काही, हे आजच्या घटकेला कोणालाच सांगता येणार नाही. पुढे कित्येक वर्षांनी या आजाराच्या काही गाठींत त्याच विषाणूचा माग लागला, सगळ्यांत नाही. दादाच्या गाठीत होता का, ते तपासायची सोय आमच्याकडे तेव्हा नव्हती आणि नंतर कोणी तपासलं नाही.

निघताना डॉक्टर थांबले. "मात्र धोटा चोखणं बंदच करा. क्षय त्यानं नक्की पसरतो." झालं. एवढं पाऊण तास सांगितलेलं एकीकडे आणि हे शेवटचं वाक्य एकीकडे. अर्ध्या कारखान्यानं फक्त तेवढंच घरी नेलं. पण जोडीदार उठला, दादाच्या शेजारच्या रिकाम्या जागेत येऊन बसला आणि तंबाखूची डबी पुढे केली. दादानं चिमूटभर घेतली. शेक सुरू झाला की तोंडाला कोरड पडेल म्हणून डॉक्टरांनी तंबाखू बंद केली होती, पण त्या दिवशी मी ब्र काढला नाही.

बार्शीला पाच-सहा आठवडे शेक चालला. वहिनीचे दिवस भरत आलेले, म्हणून सोबतीला मी. दवाखान्यानं मानेवर आणि छातीवर जांभळ्या शाईनं चौकटी आखल्या होत्या आणि तिथं पाणी लावायचं नाही अशी ताकीद होती. दादा एस.टी.त लोकांना सांगायचा की हे चादरीचं नवं डिझाईन हाय. तोंडाची चव गेली, घसा सोलवटला, मानेवरचे केस गळाले. भाकरी दुधात कुस्करून कशीबशी गिळायचा. एकदा रस्त्याच्या कडेला बसून मला म्हणाला, "अगं, पोराचं तोंड तेवढं दिसू दे." मी "दिसणारच की" म्हणाले, अगदी खणखणीत आवाजात, आणि मग कंडक्टरशी उगाच भांडले.

दिसलं. मुलगी झाली. गाठी आधी मऊ पडल्या, मग बसल्या, आणि दिवाळी होऊन गेल्यावर हाताला लागेनाशा झाल्या. आमच्या डॉक्टरांनी चाचपून पाहिलं आणि नुसते हसले. मालकानं माग परत दिला. पहिल्या दिवशी चाचांनी स्वतः मागाला तेल घातलं आणि दादासाठी पितळेच्या मुठीचा आकडा करून ठेवला होता. जोडीदार पाळी नसताना सकाळपासून तिथंच घुटमळत होता. कामगार म्हणाले की धोट्यामागून धोटा असा पळाला की सणाचा दिवस वाटावा.

त्या दुपारी वहिनीनं शेंगापोळ्या केल्या. गूळ-शेंगदाण्याचा वास गल्लीभर. चव परत आल्यावरचं दादाचं ते पहिलं गोडाचं जेवण. मी शेजारी बसून वाढत होते आणि इतकी खुशीत होते की मनात साठलेलं सगळं बाहेर आलं. "दादा, कारखान्यात ते सगळं माझ्यामुळे झालं. मीच बोलले होते, धोट्यातून येतं म्हणून."

"मग? मला काय नवं सांगतीस? मी तितंच हुतो की, भाकरी खात." तो हसायला लागला. "तुझ्या तोंडाला कुणी धरावं? माझ्या मनात बी आलं न्हाय कदी."

माझा जीव भांड्यात पडला. इतके महिने उशाशी घेऊन झोपत होते ते ओझं, आणि त्याच्या मनातही नव्हतं! मी हसले, वहिनी हसली, पाळण्यातली पोरगी दचकून रडायला लागली. दादानं हातातली पोळी तोंडानं अर्धी तोडली, आणि लहानपणापासून गोडाचं काहीही असलं की करायचा तसं उरलेली अर्धी माझ्यापुढे धरली. "घे."

मी घेतली. तोंडाकडे नेली. आणि माझा हात थांबला.

मी शपथेवर सांगते, मनात काहीसुद्धा नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. ती काच मी रंगवली होती, डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला पाठ होता, त्यानंतर भेटेल त्याला मी तो ऐकवला होता. थांबला तो नुसता हात. क्षणभर. मग मी "पोट भरलंय, नंतर खाते" म्हणून ती पोळी ताटाच्या कडेला ठेवली आणि पाळण्याकडे गेले.

मी वळून पाहिलं तेव्हा दादा त्या पोळीकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"कारखान्यातल्या मान्सांचं मला काय वाटलं न्हाय बघ," तो शांतपणे म्हणाला. "त्यास्नी ठाऊक नव्हतं."

पुढचं त्यानं म्हटलं नाही. अर्धी पोळी उचलली, खाल्ली, हात धुतले आणि मुलीला पाळण्यातून घेऊन बाहेर गेला.

दादा आजही आहे. त्याची मुलगी माझ्याहून जास्त शिकली. आमचं काही बिनसलं असं कोणी म्हणणार नाही. सणासुदीला तो मला घ्यायला स्वतः स्टँडवर येतो, आणि जेवताना माझ्या ताटात सगळ्यात आधी शेंगापोळी वाढतो. अख्खी वाढतो.